वडील कसे गेले?

२ जानेवारी, मंगळवार

आज हृदयविभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी मला वर बोलावलं. रेकॉर्ड रूममधल्या बाईला वर बोलावतात ते कागद हरवला म्हणूनच. त्यामुळे पाचव्या मजल्यापर्यंत मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत गेले. पण प्रकरण निराळंच निघालं.

डॉक्टरांचा एक अभ्यास चालू आहे. अटॅक येऊन दाखल झालेले तीनशे रुग्ण, प्रत्येकाचा एक फॉर्म, फॉर्मात बावीस प्रश्न. सिगारेट, तंबाखू, बीपी, साखर, वजन, झोप, घरात कुणाला हृदयविकार, असं सगळं. अटॅक कुणाला आणि का येतो ते त्यातून काढायचं आहे. शिकाऊ डॉक्टर प्रश्न विचारून खुणा करतात आणि फॉर्म फायलीला लावायला माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात सदतीस नंबरच्या फॉर्मावर मी पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढून तो परत पाठवला होता. फॉर्मात 'सिगारेट : नाही' अशी खूण, आणि त्याच माणसाच्या दाखल होतानाच्या वस्तूंच्या यादीत 'घड्याळ एक, चष्मा एक, सिगारेटचं पाकीट एक, आत चार'. मग मी हट्टाला पेटले आणि तोवर भरलेल्या शंभरही फॉर्मांच्या याद्या काढून बसले. अशी अकरा पाकिटं सापडली, शिवाय दोन लायटर.

डॉक्टरांनी विचारलं, लोक खोटं का बोलतात? मी म्हटलं, "खोटं नाही बोलत, सर. तुमची शिकाऊ मुलं विचारतात, ओढता का? तो म्हणतो, सोडली. कधी सोडली ते कुणी विचारलंय? परवा सोडली. छातीत कळ आली तेव्हा."

डॉक्टर बराच वेळ हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले की उरलेले दोनशे फॉर्म तुम्ही भरा, आणि फॉर्मात न बसणारं काही सापडलं तर वहीत लिहून ठेवा. तशी कचेरीची वही आजच मिळाली. ही दुसरी माझी, कारण काही गोष्टी त्या वहीतही बसणार नाहीत.

घरी सांगितलं. आईने दोनदा सांगायला लावलं. भावजयीने चहा टाकला. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, म्हणजे तू आता डॉक्टर." मी म्हटलं, डॉक्टरांच्या वरची.

११ जानेवारी, गुरुवार

बाबांना जाऊन आज सव्वीस वर्षं झाली. आईने त्यांचा फोटो पुसला आणि दरवर्षीप्रमाणे ती गोष्ट सांगितली. आम्हाला पाठ आहे, तरी ऐकतो.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं, घरापासून दहा मिनिटांवर. त्या दिवशी खुर्चीत पोस्टमास्तर होते. बाबांनी दाढी पुरी केली, तुरटी फिरवली, वस्तरा पुसून मिटला, टॉवेलाची घडी घातली आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. पोस्टमास्तर आरशात हनुवटी बघत त्यांच्याशी दोन मिनिटं बोलत होते. उत्तर येईना म्हणून वळून पाहिलं, तर बाबा गेलेले. वय एक्कावन्न. पोस्टमास्तरांच्या गालावर ओरखडासुद्धा नव्हता. ते स्वतः पुढची कितीतरी वर्षं भेटेल त्याला गाल दाखवून हे सांगायचे.

आई म्हणते, कुणाकडे पाणी मागितलं नाही, कुणाची झोपमोड केली नाही, अंथरुणाला एक दिवस खिळले नाहीत. हातातलं काम संपवून गेले. गल्लीत अजून कुणी गेलं की म्हातारी माणसं म्हणतात, जावं तर त्यांच्यासारखं. मला हे ऐकताना दरवेळी ऊर भरून येतो. शिस्त माझ्यात आली ती त्यांच्याकडूनच.

१५ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस, पाच फॉर्म. शिकाऊ डॉक्टर उभ्याउभ्या, पेन सरसावून विचारतात. रुग्णाला वाटतं जबाब घ्यायला कुणी आलं. मी स्टूल ओढून बसते, पेन खिशात ठेवते आणि आधी झोप लागली का ते विचारते. सगळं बोलून झालं की मग लिहिते. माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे, देवाची कृपा.

बायकांच्या खाटेपाशी निराळीच अडचण. प्रश्न बायकोला, उत्तर नवऱ्याचं. "हिला कसलं टेन्शन, घरीच तर असते." अशा नवऱ्यांना मी दाखल कागदाची झेरॉक्स आणायला खाली पिटाळते. ती कुणालाच नको असते. पण झेरॉक्सपाशी रांग मोठी, तेवढ्यात बायको सांगून मोकळी होते. नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाई चार दिवस छातीत दुखत असून बोलल्या नव्हत्या, कारण घरात पाहुणे होते. हे फॉर्मात कुठेच बसेना. कचेरीच्या वहीत लिहिलं.

माझ्याबरोबर एक शिकाऊ डॉक्टरीण दिली आहे, शिकायला. मुलगी हुशार, पण पहिल्याच वाक्यात मला मावशी म्हणाली. मी सांगितलं, मॅडम म्हणायचं.

१९ जानेवारी, शुक्रवार

आजचे बेकरीवाले लिहून ठेवण्यासारखे. बीपी आहे का? नाही. कधी होतं का? "होतं ना, सात वर्षांपूर्वी. गोळी घेतली, गेलं." मग गोळी चालू आहे का? "बीपीच गेलं तर गोळी कशाला, मॅडम?"

मी डॉक्टरीणबाईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. प्रश्न बदलला. आता विचारते, 'बीपीची गोळी तुम्हाला कधी कुणी लिहून दिली होती का?' या आठवड्यातल्या सात 'नाही'वाल्यांना आजच पुन्हा विचारलं, सातही 'हो' झाले. माणसं काय काय समजूत करून घेतात आणि त्यावर निवांत जगतात, याचं नवल वाटतं.

२५ जानेवारी, गुरुवार

लिफ्ट पुन्हा बंद. धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कामात, गावभरच्या लिफ्ट सुरू करून येतो आणि आमच्या इमारतीत चार मजले चढून घरी. त्याला त्याचाही अभिमान. अठ्ठेचाळीस वय, पोट सपाट, व्यसन नाही, चहासुद्धा एकच वेळ. माझ्या फॉर्मावर त्याच्या नावाने एक खूण होणार नाही.

एकच वाईट खोड लागलीय, मोबाइल. संध्याकाळी मी मागून येत होते, तर हा तिसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून मोबाइल बघत उभा. मी म्हटलं, घरी जाऊन बघता येत नाही का? म्हणाला, "तू हो पुढे, महत्त्वाचा मेसेज आहे." काल पण तिथेच, आज पण तिथेच. भावजयीला सांगितलं की लक्ष ठेव, एवढे कुणाचे मेसेज येतात त्याला. ती नुसती हसली.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझ्या हातून काहीतरी मोठं झालं आहे. सावकाश लिहिते.

चार नंबरची खाट. सुतार, वय सेहेचाळीस, सिगारेट नाही, साखर नाही, अंगावर चरबी नाही. डॉक्टरीणबाई कोड्यात पडली की याला अटॅक आलाच कसा. घरात कुणाला हृदयविकार? "छे हो, आमच्या घरात कुणी आजारीच पडत नाही." खूण करून उठायचं होतं, पण तो बोलायच्या रंगात होता म्हणून मी बसून राहिले. सहज विचारलं, वडील आहेत का? नाहीत. कसे गेले?

"रंधा मारत होते. खाली ठेवला आणि गेले. राजा माणूस." थोरला भाऊ? "बुटाची नाडी बांधता बांधता." काका? "झोपेत. चेहऱ्यावर हसू होतं त्यांच्या." वयं विचारली : पन्नास, चव्वेचाळीस, त्रेपन्न. आणि हा मला मान ताठ करून सांगतोय की तिघांपैकी एकालाही कधी दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही.

मी खिशातून पेन काढलं. आपण प्रश्नच चुकीचा विचारत होतो. लोकांच्या लेखी आजार म्हणजे अंथरूण, औषधाच्या बाटल्या, रात्ररात्र जागणारी सून. जो उभ्याउभ्या गेला त्याला आजार नव्हताच, तो भाग्यवान. घरात हृदयविकार आहे का असं विचारलं की ते अगदी खरेपणाने 'नाही' म्हणतात. विचारायचं ते हे : वडील कसे गेले? आणि मग गप्प बसायचं.

तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सुताराचा फॉर्म दोनदा वाचला. म्हणाले, "पुढच्या छपाईत हाच प्रश्न टाका, तुमच्या शब्दांत." माझा प्रश्न छापला जाणार. आज मला जेवण गेलं नाही, आनंदाने.

२० फेब्रुवारी, मंगळवार

पहिल्या शंभर फॉर्मांत 'घरात हृदयविकार : हो' अशा खुणा नऊ होत्या. माझ्या प्रश्नानंतरच्या शंभरात पस्तीस येणार असं दिसतंय. आज बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी हे आकडे पडद्यावर दाखवले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हे आमच्या रेकॉर्ड रूमच्या मॅडमचं काम. चाळीसेक डॉक्टर मागे वळून मला शोधायला लागले. मी शेवटच्या रांगेत होते. उठून उभी राहिले, थोडी जास्तच वेळ.

जेवताना घरी सांगितलं. भावजयीने टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "बघ, लोकांना आपल्याच घरातलं कळत नाही." मग थोडं थांबून म्हणाली की ते सगळं खरं असेल, पण तुझ्या बाबांसारखं मरण यायला पुण्य लागतं. मी मान हलवली. बाबांचं वेगळंच होतं, त्यांना असलं काही नव्हतं.

धाकट्याने अर्धं ताट तसंच ठेवलं. गॅस झालाय म्हणे. महिनाभर त्याचं हेच चाललंय. जेवण झाल्यावर भावजय त्याच्या खांद्याला मलम लावत बसली, लिफ्टच्या खड्ड्यात वाकून वाकून अवघडतो. माझं इतकं मोठं कौतुक आणि हा मधेच उठून गॅलरीत गेला याचा मला जरा रागच आला.

५ मार्च, मंगळवार

काय लिहू? जे झालं तेच लिहिते.

अभ्यास आता आणखी दोन रुग्णालयांत होणार आहे आणि तिथल्या लोकांना प्रश्न विचारायला मी शिकवायचं आहे. म्हणून आज सराव ठेवला. मी रुग्ण व्हायचं आणि डॉक्टरीणबाईने फॉर्म भरायचा, बाकीच्यांनी बघायचं. मी ऐटीत खुर्चीत बसले. तिने सगळं माझ्यासारखं केलं : स्टूल ओढलं, पेन खिशात ठेवलं, झोपेचं विचारलं. पोरगी तयार झाली आहे. मग तिने विचारलं, "वडील कसे गेले?" आणि गप्प बसली.

मला काय, गोष्ट पाठच. पोस्टमास्तर, तुरटी, मिटलेला वस्तरा, टॉवेलाची घडी, सगळं सांगितलं. गालावर ओरखडा नव्हता इथे एरवी लोक वा म्हणतात. कुणी वा म्हणालं नाही. तिने हळूच विचारलं, वय? मी म्हटलं, एक्कावन्न. तिने खिशातून पेन काढलं आणि 'हो'च्या चौकोनात खूण केली.

मी म्हटलं, खोड ते. तिने खोडलं नाही. मी आवाज चढवला. म्हटलं, माझे वडील आजारी नव्हते, त्यांना एक दिवस डोकंसुद्धा दुखलं नाही, तू कोण ठरवणार. समोर बसलेले सगळे खाली बघायला लागले. आणि मला ऐकू आलं की मी सुतारासारखी बोलतेय, शब्दाला शब्द.

मग तिने पुढचा प्रश्न विचारला, कारण फॉर्म अर्धा सोडायचा नाही हे मीच शिकवलं आहे. भाऊ-बहीण? मी सांगायला लागले : एक भाऊ, अठ्ठेचाळीस, ठणठणीत, रोज चार मजले चढतो. चढतो, पण हल्ली तिसऱ्यावर थांबतो, मोबाइल बघत. कधीपासून? जानेवारीपासून. गॅस असतो. खांदा दुखतो. कुठला? ते मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मावशी, पाणी आणू?" मी तिला टोकलं नाही.

६ मार्च, बुधवार

सकाळी धाकट्याला सरळ विचारलं. तिसऱ्या मजल्यावर मोबाइलमध्ये काय बघतोस? तो चिडला. म्हणाला, तू आता घरातही फॉर्म घेऊन फिरायला लागलीस, तुला जो तो हृदयरोगी दिसतो. मला काय धाड भरलीय? मग हसून म्हणाला, "आमच्या घरात कुणाला काही नाही, ताई. बाबांचं तर तुला माहीतच आहे."

मी बाबांचं बोलले. बोलायला नको होतं, निदान तसं नको होतं. आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "त्यांच्या मरणाला नावं ठेवू नकोस." दिवसभर माझ्याशी बोलली नाही. एकशेचाळीस लोकांना बोलतं केलं आणि घरच्या दोघांची तोंडं एका सकाळीत बंद केली.

७ मार्च, गुरुवार

धाकटा कामावर गेला. जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज मी मोजत बसले. उतरताना थांबत नाही. संध्याकाळी चढताना तिसऱ्यावर थांबला, आणि दुसऱ्यावरही.

८ मार्च, शुक्रवार

काल ठरवलं की आज भांडायचं नाही, काम करायचं. आई सकाळी खिडकीशी उन्हात बसते. मी स्टूल ओढून तिच्यापेक्षा खाली बसले. हात मोकळे. झोप लागली का विचारलं. नाही म्हणाली. मग म्हटलं, आई, त्या दिवसाचं राहू दे. त्याच्या आधीचे आठ दिवस सांग.

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी गप्प. रुग्णांपाशी गप्प बसणं सोपं असतं.

"स्टूल आणलं होतं त्यांनी," आई म्हणाली. "सगळा जन्म उभ्याने दाढ्या केल्या आणि एकाएकी स्टूल. विचारलं तर म्हणाले, बसून हात स्थिर राहतो. दुकानातून येताना दोनदा थांबायचे. एकदा फळवाल्यापाशी, एकदा चपला शिवणाऱ्यापाशी. मला वाटलं, गप्पा वाढल्यात. खांद्याला मलम मीच चोळायचे. वस्तरा धरायचा हात उजवा आणि दुखायचा डावा. ते मला तेव्हाच खटकलं होतं."

मी विचारलं, मग कुणाला बोलली का नाहीस?

"कुणाला बोलणार? दाखला लिहायला डॉक्टर आले, त्यांनी नाव विचारलं आणि वय विचारलं. बाकी जो आला तो भाग्यवान म्हणाला. सव्वीस वर्षांत मला कुणी काही विचारलंच नाही गं."

आम्ही दोघी रडलो, लपवण्यासारखं काही नाही त्यात. बाबांना त्रास झाला होता. आठ दिवस झाला होता, आणि त्यांनी तो कुणाला कळू दिला नाही. मग आईने डोळे पुसले आणि विचारलं, धाकट्याचा खांदा कुठला दुखतो? मी म्हटलं, मला माहीत नाही. तिने भावजयीला हाक मारून विचारलं. भावजय म्हणाली, डावा.

संध्याकाळी धाकटा दार उघडून आत येतो न येतो तोच आई त्याच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "उद्या हिच्या दवाखान्यात जायचं. मी पण येणार आहे." तो काहीतरी थट्टा करायला गेला. आई म्हणाली, "मी एकदा गप्प बसलेय. पुन्हा नाही बसणार." तो बरं म्हणाला.

९ मार्च, शनिवार

ईसीजी काढला. चांगला निघाला. धाकट्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मोठ्या डॉक्टरांनीही कागद वरखाली करून पाहिला, गॅसची गोळी देतो म्हणाले आणि पंधरा दिवसांनी फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी बघू म्हणाले. बाहेर साठ माणसं थांबलेली. मी काही बोलणार तोच आई म्हणाली, "डॉक्टर, मला सांगायचं आहे."

आणि तिने सांगितलं. आधी नवऱ्याचं, मग मुलाचं. स्टुलापासून सुरुवात केली, फळवाला, चपला शिवणारा, डावा खांदा. मग तिसरा मजला कधीपासून, दुसरा कधीपासून, अर्धं ताट कधीपासून. गेले दोन महिने ती घरात बसून सगळं बघत-ऐकत होती आणि मला पत्ता नव्हता. एक शब्द जास्त नाही, एक तारीख मागेपुढे नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दीडशे माणसांशी मी बोलले आहे, इतकी नेटकी हकीकत एकानेही दिलेली नाही. माझी आई चौथी शिकली आहे.

डॉक्टर म्हणाले, "कागद चांगला आहे, पण हकीकत चांगली नाही." धाकट्याला घरी सोडलं नाही. चाकांच्या खुर्चीवर बसवूनच वर नेलं. जाताना मला म्हणाला, "ताई, लिफ्ट कुरकुरतेय, तेल द्यायला सांग यांना."

११ मार्च, सोमवार

आज अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या डाव्या बाजूची मुख्य नळी जवळजवळ बंद होती. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. एका जागी रेघ जाड असते ती एकदम दोऱ्याएवढी होते आणि पुन्हा जाड. त्यांनी लगेच स्टेंट बसवला. मग तीच रेघ मी पुन्हा पाहिली, सलग.

डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांची तारीख दिली असती तर ती त्याला बघायला मिळाली नसती. एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी बाकावर बसले. भावजयीला फोन करायचा होता, नंबर आठवेना. सत्तावीस वर्षांच्या फायलींचे नंबर आठवतात.

१६ मार्च, शनिवार

धाकटा घरी आला. आमची लिफ्ट त्याच्या कंपनीतल्या दोघांनी येऊन आधीच सुरू करून ठेवली होती. जिन्याने येईन म्हणाला, भावजयीने नुसतं पाहिलं, मग मुकाट्याने आत शिरला.

आईच्या आग्रहाखातर डॉक्टरीणबाईने माझंही बीपी मोजलं. एकशे अठ्ठावन्न निघालं, म्हणून गोळी दिली. मला स्वतःला ते मशीन जुनं वाटलं. गोळी घेते, दोन-चार महिन्यांत जाईल बीपी.

२९ मार्च, शुक्रवार

तीनशेवा फॉर्म परवा पुरा झाला. मोठ्या डॉक्टरांनी चहा दिला सगळ्यांना. पण माझ्या मनात एक राहिलं होतं. काल रेकॉर्ड रूममध्ये बसून मी धाकट्याचा फॉर्म भरला, तीनशे एक नंबर घालून. बावीसच्या बावीस प्रश्न, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात. वडील कसे गेले या प्रश्नापुढे दोनच ओळी जागा असते. मी लिहिलं : आठ दिवस डावा खांदा दुखत होता, चालताना थांबत होते, वय एक्कावन्न. पहिल्यांदाच कुणीतरी ते लिहिलं. फॉर्म वर पाठवला.

आज तो परत आला. डॉक्टरीणबाई स्वतः खाली घेऊन आली आणि अवघडून उभी राहिली. म्हणाली, सर म्हणतात हा अभ्यासात घेता येणार नाही, नियमात बसत नाही. कोपऱ्यात लाल शाईने शेरा होता. मी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. तिला म्हटलं, अगं, वाईट कसलं वाटून घेतेस, बस.

कुठल्याच फायलीत जागा नाही म्हणून कागद घरी आणला. धाकटा गॅलरीत रोपांना पाणी घालत होता, शिट्टी वाजवत. आईचा चष्मा सापडेना, म्हणाली तूच वाच काय लिहिलंय. मी वाचलं : "वगळावा. कारण : रुग्णाला अटॅक आलेला नाही."

आई म्हणाली, "पुन्हा वाच."